किलिमांजारोआधी मेरू करावा का? उंचीची सवय आणि छोटा डोंगर

रानजाई (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी किलिमांजारोला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही तिघं आहोत: मी, माझी मोठी बहीण आणि भाऊजी. भाऊजी ५७ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी रोज चालू, पण सह्याद्रीत नियमित चालणारे. ताईने गेल्या वर्षी हिमाचलमधला सरपास ट्रेक केला. मी अजून ४,००० मीटरच्या वर गेलेली नाही.

तिथल्या एका ट्रेकिंग कंपनीने दोन पर्याय दिलेत. पहिला: आधी किलिमांजारोजवळचा छोटा डोंगर माउंट मेरू चार दिवसांत, मग पायथ्याच्या मोशी गावात एक दिवस आराम, आणि त्यानंतर मचामे वाटेने किलिमांजारो सहा दिवसांत. दुसरा: मेरू वगळून थेट लेमोशो वाटेने किलिमांजारो, आठ दिवस. रजा दोन आठवड्यांची मिळते, ओढूनताणून एखादा दिवस जास्त.

आधी छोटा डोंगर केला की शरीराला उंचीची सवय होते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण ती सवय खाली उतरल्यावर टिकते का? टिकली तर किती दिवस? आणि मेरूवर दमून मोठ्या डोंगराला पाय उरले नाहीत तर? आमच्या गटातल्या एका काकांचं म्हणणं आहे की इथेच कळसूबाई, साल्हेर पाच-सहा वेळा करा, मेरूचा खर्च कशाला. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कातळवाट:

काकांचा मुद्दा आधी घेतो, कारण हा समज आपल्याकडे फार पसरलाय. कळसूबाई १,६४६ मीटर. मेरूची चढाई ज्या मोमेला गेटपासून सुरू होते तेच सुमारे १,५०० मीटरवर आहे, आणि किलिमांजारोचं मचामे गेट सुमारे १,८०० मीटरवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर मचामे गेटच्याही खाली राहतं. उंचीची सवय म्हणतात ती साधारण २,५०० मीटरच्या वर मुक्काम पडल्यावर सुरू होते. सह्याद्री पाय देतो, दम देतो, गुडघ्यांना उताराची सवय देतो. तेवढ्यासाठी तो हवाच. रजेच्या आधीचे सहा महिने शनिवार-रविवार सोडू नका, पाठीवर वजन घेऊन चढा, आणि उतारही घाई न करता नीट उतरा. पण विरळ हवेची तयारी इथे होणार नाही.

ताईंच्या सरपासचंही तेच. गेल्या वर्षीची सवय केव्हाच गेली. त्याचा उपयोग एवढाच की ४,२०० मीटरच्या आसपास आपलं शरीर कसं वागलं हे त्यांना माहीत आहे.

डोंगरडॉक्टर:

मी फिजिशियन आहे आणि ट्रेकला निघालेली बरीच मंडळी तपासणीला येतात, म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच असतं. हवेचा दाब उतरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी होतो. ५,८९५ मीटरवर, म्हणजे किलिमांजारोच्या माथ्यावर, दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीराचं पहिलं उत्तर म्हणजे जोरात आणि वारंवार श्वास. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र ते ओळखून श्वासाला लगाम घालतं. हा लगाम सुटायला मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकावं लागतं आणि त्याला काही दिवस लागतात. वर गेल्यावर लघवी जास्त होते त्यात याचाही भाग आहे, म्हणून त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका.

लोक ‘रक्त वाढतं’ म्हणतात ते खरं आहे, पण तांबड्या पेशी लक्षणीय वाढायला आठवडे लागतात. आठ-दहा दिवसांच्या ट्रेकमध्ये तुम्हाला वाचवते ती मुख्यतः श्वासाची आणि मूत्रपिंडांची जुळवाजुळव.

आता तुमचा प्रश्न. ही जुळवाजुळव खाली उतरलं की त्याच दिवशी पुसली जात नाही, हळूहळू ओसरते. दोन-तीन दिवसांत पुन्हा वर निघालात तर बरीचशी हाताशी असते. दोन-तीन आठवडे गेले तर जवळजवळ नव्याने सुरुवात. त्यामुळे मेरू आणि किलिमांजारोच्या मध्ये एकच दिवस ठेवला आहे हे योग्य. मधे सफारी घालून आठवडा काढायचा मोह होईल. सफारी शेवटी ठेवा.

भाऊजींबद्दल: गोळीने नियंत्रणात असलेला रक्तदाब म्हणजे जायला बंदी नाही. पण उंचीवर पहिल्या दिवसांत रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन किती उंचीवर, किती दिवस हे स्पष्ट सांगून सल्ला घ्या. गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध आहे का ते विचारा, कारण डायमॉक्सबरोबर (उंचीचा त्रास टाळायचं औषध) त्याचा हिशेब बघावा लागतो. आणि तुम्ही दोघी बहिणींनी निघण्याच्या तीन-चार महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते आणि उंचीवर ती चांगलीच जाणवते. उपचाराला वेळ लागतो, म्हणून आधी सांगतोय.

उत्तरवाट:

मी वेगळं मत मांडते. मी लेमोशोने गेले होते, आठ दिवसांचीच मोहीम, आणि मेरू केला नव्हता.

मेरूच्या नेहमीच्या चार दिवसांत रात्री कुठे पडतात बघा. पहिली मिरियाकांबा हटवर, २,५१४ मीटर. दुसरी सॅडल हटवर, ३,५७० मीटर. त्या मध्यरात्री शिखराकडे निघायचं आणि दुपारपर्यंत परत मिरियाकांबाला. म्हणजे ३,००० मीटरच्या वरची एकच रात्र, तीही अर्धी. शिखर ४,५६२ मीटर (जुन्या नकाशांवर ४,५६६), म्हणजे एका दिवसात जवळपास १,००० मीटर चढ आणि २,००० मीटर उतार. हा उतार मांड्यांची परीक्षा घेतो. त्यानंतर एक दिवस आराम आणि लगेच सहा दिवसांचं मचामे? ५७ वर्षांच्या माणसाला मी हे सुचवणार नाही.

लेमोशोवर शिरा पठारापासून पुढे सलग रात्री ३,५०० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात पडतात. मधल्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटर, चढून जायचं आणि झोपायला बॅरँकोला, साधारण ३,९५० मीटरवर, उतरायचं. दिवसा उंच जा आणि रात्री खाली झोपा, हे वाटेतच गुंफलेलं आहे. वेगळा डोंगर कशाला हवा?

किबोची_सावली:

उत्तरवाट ताईंचा रात्रींचा हिशेब बिनचूक आहे. तरीही मी मेरूच्या बाजूने लिहिणार आहे. कामानिमित्त बरीच वर्षं आरुशात राहतोय, मेरू घराच्या खिडकीतून दिसतो, आणि दोन्ही डोंगर चढणारे भारतीय जवळून पाहिलेत.

आधी डोंगर सांगतो, कारण मेरूकडे फक्त सरावाचा डोंगर म्हणून पाहिलं की त्याच्यावर अन्याय होतो. टांझानियातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर, किलिमांजारोपासून पश्चिमेला साधारण ७० किलोमीटर. ज्वालामुखीच, शेवटचा उद्रेक १९१० चा. पूर्वेची बाजू कधीकाळी कोसळली, त्यामुळे डोंगर घोड्याच्या नालासारखा उघडा आहे आणि आत राखेचा शंकू उभा आहे. वाट आरुशा राष्ट्रीय उद्यानातून जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून बंदूकधारी वनरक्षक बरोबर असतो. रानम्हशी आणि हत्ती खरोखर वाटेवर येतात. गवताळ माळावर जिराफ चरत असतात आणि तुम्ही पाठीवर पिशवी घेऊन पायी त्यांच्या शेजारून जाता. किलिमांजारोवर हे मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी जंगलातून लाकडी पायऱ्या, शेवाळाने लगडलेली झाडं, मग उंच वाढलेली हेदरची झुडपं. दुपारी सॅडल हट गाठल्यावर बहुतेक जण आडवे होतात. तसं करू नका. चहा घ्या, तासभर थांबा आणि लिटल मेरूवर जाऊन या. ३,८२० मीटर, जाऊन-येऊन दीड-दोन तास. वर थोडा वेळ बसा आणि झोपायला खाली या.

मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास शिखराकडे निघतात. ऱ्हायनो पॉइंटपर्यंत चढ, मग खडकाळ कातळावरून आडवी वाट, आणि पुढे कड्याच्या धारेवरून डावीकडे विवर ठेवत शिखरापर्यंत. पहाटे समोर ढगांच्या वर किबो, म्हणजे किलिमांजारोचं मुख्य शिखर, दिसतो. आठवड्याभराने आपण तिथे असणार आहोत हे त्या क्षणी मनावर ठसतं.

आता माझा मुद्दा. मेरूने मिळणारी शारीरिक सवय मर्यादित आहे, मान्य. पण रानजाई ताई, तुम्ही ४,००० मीटरच्या वर कधी गेलेल्या नाहीत. रात्री दोनला, थंडीत, डोक्याला दिवा लावून, भूक मेलेली असताना सहा तास चढायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मेरूवर कळेल. हातमोजे पुरेसे आहेत का, पाण्याच्या बाटलीचं तोंड गोठतं का, पोटात काय टिकतं, डायमॉक्स सोसतं का. हे सगळं ५,५०० मीटरवर पहिल्यांदा कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. आणि इथे डोकं दुखलं तर दोन-तीन तासांत हजार मीटर खाली उतरता येतं.

फक्त एक अट. मेरूनंतर सहा दिवसांचं मचामे घेऊ नका. त्यात कारांगाचा मुक्काम वगळून बॅरँकोहून थेट बाराफूच्या शेवटच्या तळावर नेतात आणि त्याच रात्री शिखरासाठी उठवतात. सात दिवसांचं मागा.

अनवट_पाऊल:

वाचनखूण साठवली.

हिमालयाच्या बाजूने दोन गोष्टी. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचेला, ३,४४० मीटर, दोन रात्री काढतात. मधल्या दिवशी खुमजुंगच्या बाजूला ३,८०० मीटरच्या वर जाऊन परत नामचेला झोपतात. पुढे डिंगबोचेला, ४,४१० मीटर, पुन्हा तेच, शेजारच्या नांगकारत्सांगवर जमेल तितकं चढून खाली. एव्हरेस्ट चढणाऱ्या कितीतरी मोहिमा खुंबूच्या हिमप्रपातातून वारंवार ये-जा करणं टाळायला आधी लोबुचे पूर्व, ६,११९ मीटर, करतात. दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वावर प्लासा दे मुलासच्या तळावरून बोनेते हे ५,००० मीटरचं शिखर याच कारणासाठी करतात.

पण या सगळ्यात छोटा डोंगर मोठ्या डोंगराच्या अंगणात आहे. तो करून माणूस पुन्हा तळावरच झोपतो, तेवढी उंची हातची जात नाही. मेरूनंतर मोशीला उतरलात की तुम्ही ९०० मीटरच्या आसपास येता. हा फरक मोठा आहे. किलिमांजारोवर याच्या जवळचं काही हवं असेल तर मरंगू वाटेवर होरोंबो हटला, ३,७२० मीटर, दोन रात्री काढून मधल्या दिवशी झेब्रा रॉक्सकडे चढून यायचं, हा सहा दिवसांचा कार्यक्रम बघा. पाच दिवसांचं मरंगू मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

माळरान:

आमच्या ओळखीतले एक जण डायमॉक्स घेऊन पाच दिवसांत वर जाऊन आले. मग एवढे दिवस आणि खर्च कशासाठी?

डोंगरडॉक्टर:

माळरान, ते सुखरूप आले याचा आनंद आहे, पण त्यावरून दुसऱ्यांनी ठरवू नये. कोणाला उंची किती बाधेल याचा फिटनेसशी फारसा संबंध नाही. मॅरेथॉन धावणारी तरुण मुलं ३,५०० मीटरवर उलट्या करताना दिसतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच, ती भराभर चढलेली असतात.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांना बायकार्बोनेट टाकायला लावतं. वर लिहिलेली जुळवाजुळव ते लवकर घडवून आणतं. लक्षणं झाकणारं ते औषध नाही. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण हे स्वतःच्या मनाने नको. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येणं नेहमीचं आहे. औषध मदत करतं, दिवसांची जागा घेत नाही. नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. किलिमांजारोच्या छोट्या कार्यक्रमांत हा नियम मोडतोच. म्हणूनच आधीचा मेरू किंवा जास्तीचे दिवस यांना अर्थ आहे.

आता सगळ्यात गरजेचं. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, थकवा, चक्कर ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी. अशा वेळी आणखी वर झोपायला जायचं नाही. आराम करूनही त्रास कमी झाला नाही तर खाली उतरायचं. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज येत असू शकते. जमिनीवर सरळ रेषा धरून टाचेला पंजा लावत चालायला सांगा. नाही जमलं तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, गुलाबीसर फेस, ही फुप्फुसांत पाणी साचल्याची खूण. तेव्हाही तेच. ‘शिखर एवढंसं तर राहिलंय’ हे वाक्य त्या वेळी कोणी उच्चारू नये. आणि हे तिघांनी एकमेकांचं बघायचं, कारण ज्याला होतं त्याला ते कळत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बरोबर असू द्या, पण आकड्याला घाबरू नका. ४,५०० मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही असतो, आणि बोटं गार असली की तो चुकीचा दाखवतो. माणसाकडे बघा.

उत्तरवाट:

डॉक्टर, हे वेगळं काढून ठेवण्यासारखं लिहिलंत, आभार.

किबोची_सावली यांचा रात्रीच्या चढाईचा मुद्दा मला पटला. माझं म्हणणं असं बदलते: मेरू आणि सात दिवसांचं मचामे जमत असेल तर तेच घ्या, भाऊजींना डॉक्टरांनी होकार दिला तर. रजा कमी पडली तर मेरू सोडा आणि लेमोशोचे आठ दिवस घ्या. दोन्ही डोंगर कापून-छाटून करणं मात्र नको. दिवस वाढला की उद्यानाचं शुल्क वाढतं, म्हणून कंपन्या दिवस कमी करून स्वस्त आकडा दाखवतात. पैसा वाचवायचाच असेल तर विमानात किंवा हॉटेलात वाचवा.

आणि कंपनी निवडताना हमालांबद्दल विचारा. किलिमांजारोवर एका हमालाच्या पाठीवर २० किलोंची मर्यादा आहे, गेटवर वजन होतं. त्यांना मजुरी किती, जेवण किती वेळा, झोपायला तंबू कसा, हे स्पष्ट विचारलं तर उत्तरावरून कंपनी कळते. आपण वर पोहोचतो ते या माणसांच्या जिवावर.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघांनी बसून हा धागा सुरुवातीपासून वाचला. भाऊजी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी एक गोळी बदलली आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय आणि तोवर होकार राखून ठेवलाय. आम्ही दोघींनी रक्त तपासलं. ताईचं फेरिटिन बरंच कमी निघालं, उपचार सुरू झाले. ही तपासणी आम्ही केलीच नसती.

कंपनीला कळवलंय: मेरू चार दिवस, मोशीत एक दिवस, मचामे सात दिवस. रजा दोन दिवस वाढवून मिळतेय, सफारी रद्द. भाऊजींना होकार मिळाला नाही तर तिघंही लेमोशोचा विचार पुन्हा करू, त्यांना मागे ठेवून जायचं नाही असं ठरलंय.

एक शंका उरलीय. ऱ्हायनो पॉइंटच्या पुढची धार कितपत अवघड आहे? ताईला दरीकडे बघून गरगरतं.

किबोची_सावली:

दोर लागत नाही, पण काही ठिकाणी हात टेकून जावं लागतं आणि एका बाजूला खोल उतार आहे. जाताना अंधार असतो, दिव्याच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे बहुतेकांना त्रास होत नाही. परतताना लख्ख उजेड असतो, तेव्हा ताईंना जाणवेल. वनरक्षकाला आणि गाइडला आधीच सांगून ठेवा, तो भाग ते पुढे-मागे राहून पार करून देतात. राजगडाची संजीवनी किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ताईंनी त्या आधी केली तर चांगला अंदाज येईल. आणि ऱ्हायनो पॉइंटलाच थांबावंसं वाटलं तर थांबा. तिथपर्यंत गेलात तरी ३,८०० मीटर उंचीपर्यंतची रात्रीची चढाई झालेली असते, किलिमांजारोसाठी ती वाया जात नाही.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. थेपले, चिवडा, भडंग जे काही नेणार ते डब्यात किंवा कापडी पिशव्यांत भरा. नैरोबीत थांबून परतणार असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला भारतात उतरल्यावर मागतात आणि तो लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतो. थेट टांझानियातून परतणार असाल तरी तिकीट काढण्याआधी सरकारी लसीकरण केंद्रात विचारून घ्या. जूनच्या शेवटी पाऊस सरलेला असतो, पण मेरूच्या जंगलात चिखल राहतो. गेटर (बुटांवरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) घेऊन या, इथे भाड्याने मिळणारे बहुतेक फाटके असतात.